व्याह्यांचा नियम सगळ्यात वर

फोन लावण्याआधी टोपी सरळ करणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच उरला आहे, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. लातुरात त्यांची तुरीच्या डाळीची मिल आहे, नांदेडच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, दुकान आहे, कपाळावर भस्माची तीन बोटं आहेत आणि डोक्यात फोनचं एक स्वतंत्र धर्मशास्त्र आहे. व्यापाऱ्याशी ते गादीवर बसून बोलतात, वडीलधाऱ्यांशी उभे राहून आणि मठातल्या स्वामींशी चपला काढून. एकदा रेणापूरच्या बसस्टँडवर भर दुपारी स्वामींचा फोन आला, तेव्हा मामा तापल्या डांबरावर एक पाय टेकवत, एक उचलत अख्खं प्रवचन ऐकत होते, आणि बघणाऱ्यांना वाटलं यांच्या अंगात आलं. मिस्ड कॉल देणाऱ्याला ते 'कडी वाजवून पळणारा' म्हणतात. कुणीसं लग्नाची पत्रिका मोबाइलवर धाडली, तर मामांनी आहेरही मोबाइलवरच धाडला, एका भरजरी लुगड्याचा फोटो. फोन आधी कोणी ठेवायचा याचाही त्यांचा कायदा आहे. मोठ्यानं ठेवायचा, लहानानं कधीच नाही. दोघं एका वयाचे निघाले तर 'ठेवू का', 'ठेवा की', 'न्हाई न्हाई, आधी तुम्ही' यातच समोरचा चहा निवून जातो.

हे सगळं पहिल्यापासून असं नव्हतं. मामी सांगतात, मुलीच्या लग्नापर्यंत मामा चारचौघांसारखेच फोन करायचे. त्या लग्नाच्या गडबडीत कंधारच्या अण्णांना, म्हणजे मामांच्या थोरल्या सख्ख्या भावाला, आमंत्रणाचा फोन मामांनी स्वतः न करता मुनीमजींना करायला सांगितला. मुनीमजींनी आपल्या मोबाइलवरून, पोत्यांचा बारदाना मागवावा त्या आवाजात सांगितलं, "लग्न हाय. या." अण्णा आले नाहीत. मोठ्या भावाची पाटावरची जागा अक्षता पडेपर्यंत रिकामी राहिली आणि मामा कन्यादान करताना मांडवाच्या दाराकडेच बघत होते. त्यानंतर लातूरचा नंबर दिसला की अण्णा फोन उचलेनासे झाले. मामा दोनदा जीपनं कंधारला जाऊन आले. दोन्ही वेळा अण्णा मागच्या दारानं शेतात गेले आणि वहिनींकडून निरोप आला, "बेइज्जती फोनवर झालीय, ती फोनवरच मिटंल." म्हणजे घरी गेलं तर म्हणायचं फोन करा, आणि फोन केला तर उचलायचा नाही! दोघं एकाच आईची लेकरं आहेत याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

तरी रोज सकाळी पूजा झाली की मामा टोपी सरळ करून, उभे राहून अण्णांना फोन लावत. पूर्ण वाजू देत. मग रिसीव्हर जागेवर ठेवून म्हणत, "कामात असतील." हे ऐकताना मामी स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच वाजवत. आता तर मुलाचं लग्न ठरलं होतं. मुलगी नांदेडची, माणसं तोलामोलाची, सगळं कसं मनासारखं, पण मामांना गोड लागेना. "ह्या बारीला बी जागा रिकामी राहिली तर मी मांडवात उभा राहू शकायचो न्हाई," असं ते एकदा मला म्हणाले आणि लगेच तुरीच्या भावाबद्दल बोलू लागले.

याच सुमारास नवरदेवानं मिलमध्ये, तिला लागूनच असलेल्या घरात आणि दुकानात इंटरनेटवरचे फोन घ्यायचं ठरवलं आणि ते बसवायला मला बोलावलं, कारण माझा धंदाच तो. नांदेड-लातूरकडचे दवाखाने, शिकवणीवर्ग, आडतीची दुकानं यांना मी असे फोन बसवून देतो. त्यात टेबलावरचा प्रत्येक फोन नांदेडच्याही नंबरावरून जाऊ शकतो आणि लातूरच्याही, फक्त कोणता फोन कोणत्या नंबरावरून बाहेर जावा याचे नियम आधी घालून द्यावे लागतात. हे ऐकताच मामांचे डोळे चमकले. आयुष्यभर ज्या शास्त्रासाठी लोक त्यांना हसले, ते शास्त्र पाळणारं यंत्र चालत घरी आलं होतं. अडचण एकच होती. मी पडलो भाचजावई आणि जावयाला काम सांगायचं नसतं. त्यामुळे मामा माझ्याकडे न बघता भिंतीवरच्या महादेवाच्या तसबिरीला सांगत, "देवा, हैदराबादच्या व्यापाऱ्यांना जाणारे फोन लातूरच्या नंबरावरून गेले तर लई बरं होईल." मी देवाच्या वतीनं तो नियम बसवायचा आणि मग दोघांनी चहा घ्यायचा. ट्रकचे ड्रायव्हर लातूरचा नंबर ओळखून उचलत नसत, म्हणून त्यांना नांदेडच्या नंबरावरून फोन जावा, असंही देवाला सांगून झालं.

तेवढ्यावरून मला सुचलं. म्हटलं, "मामा, अण्णांचे गुडघ्याचे डॉक्टर नांदेडचे आहेत. नांदेडचा नंबर दिसला तर ते उचलतील. त्यांनाही तिकडूनच लावू." मामांनी पहिल्यांदाच तसबिरीवरून नजर काढून माझ्याकडे बघितलं. "जावईबापू, ड्रायव्हरची गोष्ट येगळी. सख्ख्या भावाला दुसऱ्याचं तोंड लावून हाक मारू? त्यांना लातूरचा नंबर दिसला पाहिजे. मी हाय हे दिसूनच उचलला पाहिजे." मी मुकाट्यानं अण्णांच्या नावाचा नियम केला, फोन फक्त लातूरच्या नंबरावरून.

आता या यंत्राची एक खोड आहे. फोन लावला की ते वरून एकेक नियम बघत येतं, पहिला जुळला तो लागू करतं आणि खालचे बघतच नाही. म्हणून एकट्यादुकट्याचा नियम वर घालायचा आणि सरसकट नियम खाली. मी तसंच केलं होतं, पण मामांनी पडद्यावर अण्णांचं नाव व्याह्यांच्या वर पाहिलं आणि ते अडून बसले. व्याह्यांच्या घरचे सगळे मोबाइल एकदम घेतलेले, सुरुवातीचे आकडे सारखे. म्हणून त्या आकड्यांच्या सगळ्या नंबरांना नांदेडच्या दुकानातून फोन जावा असा नियम होता, कारण त्यांच्या गावात आपलं दुकान आहे हे व्याह्यांच्या रोज ध्यानात राहावं, अशी मामांची इच्छा. मी सांगितलं, "मामा, अण्णांचा नंबर त्याच आकड्यांचा आहे. व्याही वर गेले तर अण्णांचा नियम लागणारच नाही." मामा तसबिरीला म्हणाले, "देवा, पंगतीत सोयरे आधी बसतात, घरचं माणूस शेवटी. अण्णा घरचे हायत. व्याह्यांच्या वर कसे बसतील?" तीनदा सांगून पाहिलं. शेवटी व्याही वर गेले, अण्णा तळाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा आटोपून मामांनी टोपी सरळ केली आणि नव्या फोनवरून अण्णांचा नंबर लावला. मी शेजारी तारा गुंडाळत होतो. दुसऱ्याच घंटीला फोन उचलला गेला आणि खणखणीत आवाज आला, "हाव डॉक्टरसाहेब, गुडघा बरा हाय!" मामा थिजले. इतक्या वर्षांनी तो आवाज. त्यांचे ओठ हलले, "अण्णा, मी..." एवढंच आलं, आणि तेवढ्यात त्यांची नजर फोनच्या पडद्यावर गेली. तिथं लिहिलं होतं, नांदेड. मामांनी विस्तव हाती लागावा तसा रिसीव्हर खाली ठेवला.

नवरदेव ओरडला, "बाबा, ठेवलात का? उचलला होता की!" मामी स्वयंपाकघरातून पळत आल्या, त्यांच्या हातातलं पीठ तसंच. मामा गादीवर मटकन बसले. "चोरवाटेनं गेला रे. बेअदबी झाली," एवढंच ते म्हणत होते. मग त्यांनी तसबिरीकडे पाहिलंही नाही, थेट मला म्हणाले, "करा वर अण्णांना." जावयाला सांगितलेलं त्यांचं ते पहिलं काम. मी अण्णांचा नियम उचलून व्याह्यांच्या वर ठेवला. मामांनी पुन्हा फोन लावला, या वेळी लातूरच्या नंबरावरून, आणि तिकडून एंगेज लागला. "कट केला," मामा म्हणाले. मुनीमजींनी मान खाली घातली. सगळ्या घरात माझ्याशी बोलायला कोणी तयार होईना, आणि मलाही माझा धंदा पहिल्यांदाच नकोसा वाटला.

आणि फोन वाजला. अण्णांचा नंबर. मामा आधी टोपी सरळ करू लागले, म्हणून मामींनीच रिसीव्हर उचलून त्यांच्या कानाला लावला, पिठासकट. आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता. "बारक्या! मोठ्या माणसाच्या आधी फोन ठेवायलास व्हय रं? हेच शिकलास लातुरात? आन् मी लावायलो तर तुझाच एंगेज येतोय!" मामा उभे राहून हमसून रडू लागले. मध्येच म्हणाले, "अण्णा, मघाचा फोन नांदेडच्या नंबरावरून गेला, माझ्याकडून चूक झाली." मग अण्णा म्हणाले, "ते दुकान कुणाचं हाय?" "आपलंच की." "मग झालं तर. खामखा रडू नको. लगीन कवा हाय ते सांग." खरं सांगतो, माझ्याही छातीवरचा धोंडा उतरला. मामींनी पिठाच्या हातानंच आधी आपले, मग एकेकाचे डोळे पुसले आणि त्या दिवशी सगळ्यांनाच भस्म लागल्यासारखं झालं.

लग्नात पाटावरची जागा भरली. सोयऱ्यांच्या पंगती उठेपर्यंत अण्णा दुखऱ्या गुडघ्यानं वरणाची बादली घेऊन फिरत होते, कोणाचं ऐकेनात, आणि शेवटच्या पंगतीला दोघे भाऊ मांडीला मांडी लावून जेवले. अण्णांचा नियम अजून सगळ्यात वर आहे. व्याह्यांना हे कोणी सांगितलेलं नाही.

परवा मिलवर गेलो तर मामा रिसीव्हर कानाला लावून उभे होते, टोपी सरळ, आणि एक अक्षर बोलत नव्हते. बराच वेळ झाला. मला वाटलं लाइन तुटली असेल, म्हणून पडद्यावर पाहिलं, तर फोन चालूच होता. मी खुणेनं विचारलं, काय झालं? मामांनी रिसीव्हरवर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "बोलणं संपलंय मघाच. पण आजकाल अण्णा फोन आधी ठेवत न्हाईत. आन् मी तर ठेवूच शकत न्हाई."