सुलूच्या बाथरूमचं छत

दुधाच्या रिकाम्या पिशव्यांचं कसं होतं? एक धुऊन ठेवली, दुसरी ठेवली, आणि एक दिवस ड्रॉवरच उघडेना! आमच्या शुक्रवारच्या मंडळातल्या किश्शांचं तेच झालंय. इंदूरच्या मिलच्या स्टाफ क्वार्टर्समधल्या आम्ही सहा बायका. मिल बंद पडली, क्वार्टर्स सुटली, पण शुक्रवार सुटला नाही. आता खरं सांगायचं तर यातले निम्मे किस्से जळफळाटाचे आहेत. आणि जळणारी बहुतेक वेळा मीच!

*

सुलूचा नवरा मिलच्या ऑफिसात होता. पुढचं दिसलं म्हणा की नशीब म्हणा, कुलूप लागायच्या आधीच नोकरी सोडून त्याने वॉशिंग मशीनची एजन्सी घेतली. बाजारात तेव्हा रोज नवीन काहीतरी येत होतं आणि लोक रांगा लावून घेत होते. तीन वर्षांत सुलूचं विजयनगरला घर!

पहिल्या शुक्रवारी पोहे-सेव झाले. मग सुलू हळूच म्हणाली, "बाथरूम बघितलं का?"

सहाजणी आत घुसलो आणि माना वर करून उभ्या राहिलो. छत लाकडाचं! फळीला फळी जोडलेली, वर मधासारखं चमकणारं व्हार्निश.

आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या कमळकाकू. त्या वर बघतच म्हणाल्या, "सुलू, तुझ्या न्हाणीला सागवान, आणि माझे देव पत्र्याखाली!"

*

घरी येऊन मी यांना सगळं सांगितलं. आमचे हे मिलच्या रंगखात्यात मास्टर होते. नुसत्या नजरेने शेड जुळवायचे. मिल बंद झाल्यापासून मात्र पेपर वाचायचे, घडी घालायचे आणि पुन्हा उघडून वाचायचे.

"आंघोळ करताना वर बघतं कोण?" हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी बघितलं. पोपडे, एक पाल, आणि मग डोळ्यांत साबण!

*

वर्षभरात बातमी आली. आणली कमळकाकूंनीच. भर उन्हात, चालत.

"गीझरच्या वाफेने सुलूच्या छताला काळे डाग पडलेत. व्हार्निश पार उतरलंय म्हणे. बिचारी!"

"अरेरे!" आम्ही म्हणालो.

त्या शुक्रवारी काकूंनी शिरा केला होता. कशाबद्दल, ते कोणी विचारलं नाही.

*

सुलूने ठरवलं, छत पांढरं करायचं. पेंटर आला. त्याने व्हार्निशवरच ऑइलपेंट फासला आणि संध्याकाळी निघूनही गेला. दिसायला झकास!

पंधरा दिवसांनी सुलूचा नवरा आंघोळीला बसलेला असताना वरून हातभर लांब पट्टी सुटली ती थेट त्याच्या डोक्यावर. तसाच टॉवेल गुंडाळून त्याने पेंटरला फोन लावला. "भिया, ये तो पापड़ जैसा उतर रहा है!"

पेंटर शांतपणे म्हणाला, "साब, पेंट में तो कोई कमी नहीं है। आपकी लकड़ी ही पकड़ नहीं रही।"

*

मग सुलू आमच्याकडे आली. "भावजी, तुम्ही रंगातले. जरा बघाल का?"

मला वाटलं, हे चिडणार. मास्टर माणूस, लोकांची बाथरूमं रंगवणार? पण हे लगेच उठले. शर्ट बदलला!

पहिल्या दिवशी सोड्याच्या पाण्याने छत नुसतं धुतलं. दुसऱ्या दिवशी वाळू दिलं. तिसऱ्या दिवशी रेगमालाने घासून घासून जुन्या रंगाची चमक घालवत बसले. सुलू सारखी विचारायची, "भावजी, रंग कधी?"

"वहिनी, रंग सगळ्यात शेवटी."

आमच्या स्वयंपाकघराची भिंत चार वर्षं "बघू" मध्ये पडून होती, हं! हे सुलूचं छत रंगवतायत, हे मी मंडळात एका अक्षराने बोलले नाही. लाज वाटत होती आणि आग होत होती, दोन्ही एकदम.

चौथ्या दिवशी हे घरी आले ते सुलूच्या कढीचं कौतुक करतच.

"मग तिथंच जेवायचं होतं!" मी ताट आपटलं.

"जेवलोय," हे म्हणाले.

*

पाचव्या दिवशी मला राहवलं नाही. भाजी आणायला म्हणून निघाले आणि सिटी बस पकडून विजयनगरला गेले.

बाथरूमचं दार अर्धवट उघडं. हे शिडीच्या घोडीवर चढलेले, भुवयांवर पांढरी पूड. खाली सुलू उभी. हे तिला समजावत होते, "या गाठी बघा. यांतून डिंक सुटतो आणि पांढऱ्यावर पिवळा डाग येतो. म्हणून आधी गाठींवर लाखेचा हात, मग प्रायमर, मग रंग. तोही पातळ, दोनदा."

सुलूला त्यातलं काही कळत नव्हतं. ती नुसती मान हलवत होती. आणि ती आत वळल्यावर हे गुणगुणायला लागले.

मिलचा भोंगा थांबल्यापासून हे कधी गुणगुणले नव्हते. माझ्या घरात नाही. इथे, दुसरीच्या बाथरूममध्ये!

मी हाक न मारता परत आले. भाजी आणायची राहूनच गेली.

*

आता शेवटचा किस्सा. संक्रांतीचं हळदीकुंकू सुलूकडे. तीस-पस्तीस बायका. वाण घेतलं की जी ती बाथरूम बघून येत होती. छत दुधासारखं, एक डाग नाही, फळ्यांच्या सगळ्या रेघा सरळ.

"कोणी केलं गं?" एकीने विचारलं.

सुलूने माझ्याकडे बघितलं नाही. "मुंबईहून माणूस बोलावला होता. इथे कोणाला जमतंय असलं काम?"

मी हातातल्या तिळगुळाचा भुगा केला. बोलणार काय? मीच कोणाला सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात मला न्यायला हे स्कूटरवर आले. कमळकाकूंनी त्यांना हाताला धरून आत नेलं. "तुम्ही रंगखात्यातले. सांगा बघू, मुंबईवाल्याचं काम कसं आहे?"

बायका दारात गोळा झाल्या. सुलूचा चेहरा पांढराफटक. हे मान वर करून खूप वेळ बघत राहिले. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात.

"हात उत्तम आहे," हे म्हणाले. "फक्त एक जागा राहिलीये."

आणि स्कूटरची किल्ली फिरवत बाहेर पडले.

उन्हाळ्यात एका शुक्रवारी सुलू आली ती मानेला पट्टा लावून! मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "अगं, रोज शोधते. आमच्या ह्यांनीही शोधली, टॉर्च लावून. भावजींना एकदा विचार ना, ती जागा नेमकी कुठली?"

घरी आले. हे पेपर वाचत होते. मी विचारलं, "सुलूच्या छताची ती जागा कुठली हो?"

यांनी पेपर खाली केला.

"कुठली जागा?"