चार मिनिटं आणि एक घाट

अंबिका प्रश्न विचारायला लागली की आमचा राजकुमार आधी खुर्ची ओढून बसायचा. उभ्याउभ्या आटोपेल असा तिचा एकही प्रश्न नसायचा.

ती आमच्या छत्रपती संभाजीनगरातल्या एका जलतरण तलावावर महिलांच्या बॅचची प्रशिक्षक. वय तेहतीस, माहेर कन्नडकडच्या एका वाडीचं. वडील केरबा मेंढपाळ. लोकर कातरायच्या आधी मेंढरं धुवावी लागतात. पाझर तलावात एकेक मेंढरू धरून उभी राहता राहता ही पोहायला शिकली. मी वैजापूरला बत्तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेला मास्तर. गुडघ्यांपायी डॉक्टरांनी मला पाण्यात ढकललं. आणि राजकुमार म्हणजे नौदलात पंधरा वर्षं पाणबुड्या म्हणून काढून घरी परतलेला गडी.

यंदाच्या उन्हाळ्यात राजकुमारने पाठीवर हवेची टाकी बांधून खोल उतरायचा वर्ग काढला. तलावात शिकायचं, मग मालवणला समुद्रात दोन दिवसांत चार बुड्या मारायच्या, की पाणबुड्याचं कार्ड मिळणार. मला नुसती हौस होती. अंबिकेला गरज होती. शहराबाहेरच्या एका नव्या तलावावर कायमची जागा निघाली होती आणि त्यांची अट एकच होती, जूनच्या आत हे कार्ड. तिची आत्ताची नोकरी कंत्राटी, आज आहे तर उद्या नाही.

पाण्याखाली दाबाची हवा घेतली की तिच्यातला नायट्रोजन अंगात मुरतो. फार मुरला आणि माणूस भसकन वर आला, तर अंगात बुडबुडे होतात. सांधे धरतात, कधी जिवावरही बेततं. म्हणून किती खोल गेलं तर किती वेळ राहायचं, याचे छापील तक्ते असतात. हल्ली मनगटावरचं यंत्रही हे सांगतं, पण राजकुमार म्हणाला, आधी तक्ता, मग यंत्र. मला हे फार आवडलं. माझ्या वर्गात पाढ्यांच्या आधी कॅल्क्युलेटर कधी शिरला नाही.

त्याने पत्र्याच्या खोलीत भिंतीवर दोन तक्ते चिकटवले. एक मीटरमधला, हौशी लोकांसाठीचा. दुसरा फुटांमधला, नौदलाच्या धाटणीचा, जुना. आम्हाला पहिलाच वापरायचा होता. दुसरा आपला शोभेला. पण शोभेच्या वस्तूला हात लावणार नाही तर ती अंबिका कसली?

"राजूभाऊ, ह्या तक्त्यात अठरा मीटरला छप्पन्न मिनिटं हायेत. त्या तक्त्यात साठ फुटाला साठ. साठ फूट म्हंजे अठरा मीटरच की! पाणी तेच, माणूस तोच, मग चार मिनिटं गेली कुठं?"

"अगं, कायको दिमाग खपाती? आपला हा तक्ता, बस."

"पण गेली कुठं?"

राजकुमारने खुर्ची ओढली. तक्ता काही देवाने धाडलेला नसतो, माणसांवर चाचण्या घेऊन, हिशेब मांडून केलेला असतो, असं त्याने सांगितलं. नौदलाने तरणेबांड खलाशी डोळ्यांपुढे ठेवले. हौशी लोकांचा तक्ता करताना पोट सुटलेले, वय झालेलेही धरावे लागले. असं म्हणताना त्याने माझ्याकडे बघायचं काही कारण नव्हतं. सतरा मीटर गेलात तरी अठराची ओळ वाचायची. बुडीनंतर तुम्हाला एक अक्षर मिळतं, अंगात किती नायट्रोजन उरला त्याची ती खूण; ए म्हणजे कमी, पुढची अक्षरं म्हणजे जास्त. वर बसून विसावा घेतला की अक्षर उतरत जातं, आणि पुढच्या बुडीला किती वेळ मिळेल ते त्यावर ठरतं. मात्र एका तक्त्यातलं अक्षर दुसऱ्या तक्त्यात नेलं की गणित फसलं.

अंबिका आठ दिवस तेच करत बसली होती. वहीत दोन रकाने पाडायची, एकच सहल दोन्ही तक्त्यांवर मांडायची आणि कुठे फरक पडतो ते बघायची. मला राजकुमारचा हेवा वाटला. बत्तीस वर्षांत असा विद्यार्थी मला दोनदाच मिळाला असेल.

एका सकाळी बॅच संपल्यावर ती वही घेऊन माझ्याकडे आली. चेहरा उतरलेला.

"सर, रविवारी दुपारी दुसरी बुडी मारून लगीच बशीत बसायचं ना? अन् घाट चढायचा?"

"हो. मग?"

"आमचा बाप पाणी पाजलेलं मेंढरू घाटाला लावत नाय. आधी बसवतो. खाली भरलेलं वर चढताना तरास देतं म्हणतो. मंग आपण तर अंगात भरून चढणार. वर हवा इरळ, दाब कमी. हे तक्ते दर्याकाठचे हायेत, सर. त्या लोकायला घरी जायाला घाट लागत नाय. आपल्याला लागतो!"

विमानाचा नियम आम्हाला सगळ्यांना पाठ होता, बुडीनंतर इतके तास उडायचं नाही. पण बस म्हणजे काही विमान नव्हे, असं धरून आम्ही सगळे शहाणे बसलो होतो. राजकुमारची पंधरा वर्षं बंदरात गेलेली. बुडी मारून तो चालत बराकीत जायचा. आमचं शहर साडेपाचशे मीटरच्या वर, आणि घाटमाथा त्याहून थोडा उंचच.

"राजूभाऊला सांगितलं तर मुक्काम वाढंल," ती म्हणाली. "सोमवारी सकाळी निघावं लागंल. मला सोमवारची रजा नाय. सहाची बॅच बुडाली तर कंत्राट गेलंच समजा."

आता खरं सांगतो. मी तिला म्हणालो, "मग गप्प बस की. सहाशे मीटर म्हणजे काही हिमालय नाही. तुझं कार्ड होऊन जाऊ दे." मास्तर म्हणून मी दिलेला हा सगळ्यात वाईट सल्ला. तेव्हा मात्र तो मला शहाणपणाचा वाटला होता.

दोन दिवस ती गप्प राहिली. तिसऱ्या दिवशी वही राजकुमारच्या पुढ्यात टाकून तिने सगळं सांगितलं. तो आधी हसला, मग चिडला, मग त्याने नौदलातल्या जुन्या सोबत्याला फोन लावला. अर्ध्या तासाने खोलीतून बाहेर आला तो कपाळ पुसत. बुडीनंतर उंचीवर जायचाही वेगळा तक्ता निघाला. अक्षर आणि उंची जुळवून तो किती थांबायचं ते सांगतो, आणि आमची चौथ्या बुडीनंतरची अक्षरं बरीच पुढची होती.

"रविवारचा मुक्काम," राजकुमार म्हणाला. "रात्रभर थांबून सोमवारी निघायचं. अंबिका, तुझं..."

"माझं मी बघते," ती म्हणाली आणि पाण्यातल्या बायकांना हात मारायला सांगू लागली.

रजेसाठी राजकुमार स्वतः ठेकेदाराकडे गेला, मीही गेलो. उपयोग झाला नाही. पुढची सहल दिवाळीनंतर, कारण पावसाळ्यात समुद्र बंद. शनिवारी तिने आमच्यासोबत दोन बुड्या मारल्या, आणि वर आली तेव्हा मुखवटा काढून नुसती हसत होती. काय काय दिसलं ते सांगताना तिला शब्द पुरेनात. रविवारी मात्र, त्याच दिवशी घाट चढायचा म्हणून, ती बुडी न मारता नावेत नोंदीची पाटी घेऊन बसली. मी वर आल्यावर तिनेच ओरडून सांगितलं, "सर, एकोणचाळीस मिनिटं, खोली बारा. लिवलंय!" दुपारी ती एकटीच एसटीने निघाली. तिच्या अंगात शनिवारचं काही उरलेलं नव्हतं. तिने ते दोन्ही तक्त्यांवर तपासलं होतं.

जूनमध्ये नव्या तलावावरची जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. मी तिला विचारलं, वाईट वाटतं का?

"वाटतं की. लई वाटतं," ती म्हणाली. "घरी जाऊन रडले मी. पण सर, मी गप्प बसले असते अन् तुमाला घाटात काय झालं असतं, तर?"

माझं कार्ड आलंय. त्यावर माझा फोटो आहे, सही आहे. तिच्यासमोर पाकीट उघडायचं मी अजून टाळतो.