उंटीण

कारखान्यात तिला सगळे उंटीण म्हणायचे आणि ती ते नाव बक्षिसासारखं मिरवायची. मोटारींच्या वायरी जोडायच्या सरकत्या पट्ट्यावर आम्ही अठ्ठावीस बायका. एक उठली की तिच्या जागी बदली बाई बसायची, नाहीतर पट्टा अडायचा. आणि सबंध पट्ट्याला बदली बाई एकच. म्हणून सकाळपासून पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, ही विद्या आम्हाला उंटिणीनेच शिकवली. एकोणीस वर्षांत जेवणाची सुट्टी सोडून ती एकदाही उठली नव्हती. मालकांनी कौतुकाने तिचा फोटो भिंतीवर लावला होता. त्याला एक खिळा पुरला.

तिची सून तिच्याच शेजारी बसायची. पाचवा महिना लागला तशी ती तासातासाला उठू लागली आणि बायका नाकं मुरडू लागल्या. उंटिणीला ते झोंबलं. पोटुशा आम्हीही होतो, माझं नाक कापू नकोस, असं तिने सुनेला सुनावलं. सुनेने पाणी सोडलं.

त्याच आठवड्यात नव्या साहेबांनी, पट्टा थांबू नये म्हणून, आमच्यातल्या चौघींनाच बोलावलं. काय हवं ते मोकळेपणाने सांगा, म्हणाले. असं विचारणारा साहेब मी जन्मात पाहिला नव्हता. आणखी एक बदली बाई मागा, एवढंच सुनेने सासूला विनवून सांगितलं होतं. बोलायचा मान अर्थात उंटिणीचा.

"काही नको साहेब," ती ताठ मानेने म्हणाली. "आमचं झकास चाललंय."

आम्ही तिघींनी माना डोलावल्या. त्याची मला अजून लाज वाटते.

बारा दिवसांनी सून थंडीतापाने फणफणली. लघवी रोखून रोखून आत विष झालं होतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मूल गेलं. मुलगी होती.

उंटीण मला घेऊन तडक साहेबांकडे गेली. बदली बाई द्या, म्हणून तिने हात जोडले. साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी त्या दिवशीच्या बोलण्याचा, तिच्या सहीचा कागद पुढे सरकवला.

"मावशी, दोन बायका मंजूर होत्या. तुम्हीच नको म्हणालात, म्हणून पलीकडच्या पट्ट्याला दिल्या."

तिथून आम्ही दवाखान्यात गेलो. साहेब काय म्हणाले, सुनेने विचारलं. नाही म्हणाले, असं उंटीण पुटपुटली आणि रडू लागली. सुनेने तिचा हात हातात घेतला.

"रडू नका, आई. तुम्ही तेव्हाही मागितलीत, आजही मागितलीत. त्यांनीच दिली नाही, तर तुम्ही तरी काय करणार?"

उंटिणीने माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा मान डोलावली.