पंगतीतलं निदान

जगात पुरता शहाणा माणूस एकच आहे आणि तो ठाण्याला राहतो, असं आमच्या आतोबांचं ठाम मत होतं. तो कोण, हे सांगायची त्यांना कधी गरज वाटली नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. नोकरी वेड्यांच्या इस्पितळात. कुणी विचारलं, "आपण डॉक्टर का?" तर ते "छे छे!" अशा काही थाटात म्हणत की विचारणाऱ्याची खात्रीच पटावी. खरं म्हणजे ते तिथल्या कोठारावर होते. चादरी, कांबळी, जर्मनची ताटं आणि साबणाच्या वड्या एवढंच त्यांचं राज्य. पण डॉक्टरांच्या फेरीच्या वेळी चादरी बघायचं निमित्त काढून ते मागं मागं हिंडत आणि कानांवर पडेल ते उचलून आणत. मेलँकोलिया, मॅनिया, हिस्टेरिया, न्यूरास्थेनिया ही नावं ते इतक्या चवीनं घेत की बाजारात नवीन मिठाया आल्यात असं वाटावं. दारावर येणाऱ्या चेंदणीच्या कोळणीला त्यांनी एकदा तोंडावर सांगितलं, "बाई, तुझा आवाज साधा नाही, हा मॅनिया आहे." तिला तो नव्या माशाचा प्रकार वाटला असावा. "तो आमचे जाल्यात नाय गावत," म्हणाली आणि सुरमईचा भाव वाढवून गेली.

निदानाची त्यांची हुकमी जागा म्हणजे पंगत. "डॉक्टर लोक जीभ बाहेर काढायला सांगतात," ते म्हणत, "अरे, ती काम करत असताना बघा ना! माणूस बोलताना खोटं बोलेल, जेवताना नाही." दिवस रेशनिंगचे, पंगती मुळात कमी, त्यामुळे मिळालेली प्रत्येक पंगत ते इस्पितळातल्या फेरीसारखी बारकाईनं बघत. त्यांचं वर्गीकरण केळीच्या पानावर बेतलेलं होतं. पानाच्या डावीकडे चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजवीकडे भाजी, आमटी. तशी माणसंही दोन जातींची. डावीकडची माणसं तिखट, आंबट, पण थोडीथोडकी. "यांना औषध देऊ नये," आतोबा बजावत, "घराची चव जाते." उजवीकडच्यांची मात्र डॉक्टरांनी दखल घ्यायलाच हवी. मग त्यांत पोटभेद. जिलबी शेवटपर्यंत राखून तिच्याकडे उदास नजरेनं बघत बसणारा तो मेलँकोलियाचा. स्वतःचं पान भरलेलं असताना पलीकडच्याच्या वतीनं "अहो, इकडे वाढा!" ओरडणारा मॅनियाचा. पान पुरतं सरळ झाल्याखेरीज आपोष्णी न घेणाऱ्या माझ्या वडिलांना त्यांनी बरीच वर्षं निरीक्षणाखाली ठेवलं होतं.

ही निदानं मनात ठेवली असती तर गोष्ट वेगळी. डोंबिवलीच्या एका लग्नात त्यांनी नवरीच्या मामाला वाकून सांगितलं, "राग मानू नका, पण आपण उजवीकडचे आहात. एकदा ठाण्याला येऊन जा." मामा खरकट्या हातानं उठून उभा राहिला. मठ्ठ्याचं भांडं लवंडलं. आत्या बायकांच्या पंगतीतून धावत आली आणि म्हणाली, "अहो, तुम्ही आधी जेवून घ्या. वेडे काही पळून जात नाहीत!" यावर मामा आणखीच भडकला. पण हात धुताना त्याची बायको हळूच आतोबांजवळ आली आणि पदर सावरत विचारती झाली, "खरंच काही औषध असतं का हो यांच्यावर?" असे पाठीराखे मिळत गेल्यावर माणूस सुधारणार कसा?

माझ्या थोरल्या बहिणीचं, शालूताईचं, लग्न कर्जतला ठरलं तेव्हा बाबांनी या विद्येची व्याह्यांपुढे भलतीच तारीफ केली. "आमचे मेहुणे ठाण्याच्या इस्पितळात असतात. मोठमोठे डॉक्टर त्यांना विचारतात." डॉक्टर विचारत ते साबण शिल्लक आहे का, हे बाबांनी सांगितलं नाही. व्याही भारावले. लग्नाच्या पंगतीत त्यांनी आतोबांना शेजारी बसवून घेतलं, आणि आतोबांनीही बासुंदीच्या वाटीगणिक एकेक निदान करून त्यांना गार केलं.

पुढल्या वर्षी शालूताई बाळंतपणाला आमच्याकडे डोंबिवलीला आली. मुलगा झाला. पेढे वाटून झाले, आणि काही दिवसांनी ताई बोलायचीच थांबली. बाळ रडे, तर शेजारच्या घरातलं कुणी रडतंय अशी ती भिंतीकडे बघत राही. मांडीवर दिलं तर हात लावत नसे. केस विंचरू देत नसे, जेवत नसे, आणि मध्येच डोळ्यांतून नुसतं पाणी गळे. आईनं दृष्ट काढली, धुरी दिली. शेजारच्या काकू बाहेरचं काही असेल म्हणाल्या. आमच्या हसत्याखेळत्या घरात मोठ्यानं बोलायचीही भीती वाटू लागली.

बातमी कर्जतला पोचली आणि व्याही येऊन ओसरीवर बसले. माणूस वाईट नव्हता, पण घाबरला होता. "हे वेड असेल तर नातू आम्ही घेऊन जातो," ते म्हणाले. "सून तुमच्याकडेच राहू दे. तुमचेच मेहुणे जाणकार आहेत, त्यांना बोलवा. ते सांगतील ते मला मान्य." आमचीच फुशारकी आमच्या गळ्याशी आली. आई स्वयंपाकघरात डोळे पुसत म्हणाली, "भावजी एकदा नावं घ्यायला लागले की थांबतात का? माझ्या पोरीचा संसार गेला!"

आतोबा आले. आत जाऊन ताईजवळ बसले. तिच्यापुढचं ताट तसंच होतं. दूधभातावर साय धरली होती. आतोबा त्या ताटाकडे बराच वेळ बघत राहिले, मग तिच्याकडे. बाहेर आले तेव्हा व्याही पुढे सरकून म्हणाले, "बोला. काय आहे हे?"

एखादं लांबलचक नाव त्यांच्या ओठांवर आलेलं मी स्वतः पाहिलं. त्यांनी टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली.

"मला कळत नाही," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे यातलं मला काही म्हणजे काहीच कळत नाही, व्याहीबुवा. मी कोठारावर चादरी मोजतो. पोरीला खऱ्या डॉक्टरांना दाखवू. त्यांचं ऐकेपर्यंत आईपासून मूल हलवायचं नाही."

"अहो, मग लग्नात तुम्ही ते सगळं..."

"बासुंदी चांगली झाली होती," आतोबा म्हणाले. "सुचत गेलं."

व्याही संतापले, पण निवाडाच न मिळाल्यामुळे त्यांना नातवाला उचलता येईना. आतोबांनी आपल्या डॉक्टरसाहेबांच्या हातापाया पडून त्यांना आमच्या घरी आणलं. बाळंतपणानंतर काही बायकांचं असं होतं, औषध आणि विश्रांती दिली की बऱ्याच जणी बऱ्या होतात, असं डॉक्टरांनी व्याह्यांना समोर बसवून सांगितलं. ताई सावकाश सुधारली. आधी केस विंचरू देऊ लागली. मग एका दुपारी बाळ शिंकलं आणि ती हसली. आईनं हातातलं पीठ तसंच ठेवून देवापुढे दिवा लावला.

आतोबांचं राज्य मात्र बुडालं. व्याह्यांनी कर्जतपासून कल्याणपर्यंत त्यांची कीर्ती पसरवली. पंगतीत लोक विचारू लागले, "काय कोठारवाले, आज चादरी किती?" आतोबा हसत आणि मान खाली घालून जेवत. मला ते बघवत नसे. त्या दिवशी त्यांना खरंच काही कळलं नव्हतं, की कळलेलं त्यांनी गिळलं, हे मी एकदा विचारलंही. "ताक घे," एवढंच म्हणाले.

ताई बाळाला घेऊन सासरी निघाली तेव्हा आतोबा कल्याण स्टेशनवर आले होते. मी तिला पोचवायला बरोबर जाणार होतो. ती नमस्काराला वाकली आणि उठताना हळूच म्हणाली, "आतोबा, खरं सांगा. मी वेडी झाले होते का हो?"

आतोबांनी बाळाचं टोपडं नीट केलं. ते नीटच होतं, तरी पुन्हा एकदा केलं.

"तू दमली होतीस ग, शालू," ते म्हणाले. "फार दमली होतीस."

गाडी सुटल्यावर खिडकीशी बसून ताईनं डोळे पुसले, बाळाला कुशीत घेतलं, आणि बदलापूर यायच्या आत दोघंही गाढ झोपी गेली.