पणजोबांचं नाव काय?

"पणजोबांचं नाव काय?"

कापड मोजता मोजता पट्टी हवेतच थांबवून अप्पा गिऱ्हाइकाला विचारायचे. बहुतेकांची गाडी आजोबांपाशीच अडायची. "मग तुमी आला कुटनं?" असं म्हणून अप्पा पुन्हा कापड मोजू लागायचे. नवी पेठेत माझं बांगड्यांचं दुकान त्यांच्या कापडाच्या दुकानाला लागून. मलाही त्यांनी पहिल्याच दिवशी नापास केलं होतं.

गंमत म्हणजे त्यांची स्वतःची गाडी पणजोबांच्या पुढे सरकत नव्हती. पणजोबा मल्लप्पा राणीच्या राज्यात खांद्यावर कापड घेऊन विकायचे, एवढंच ठाऊक. त्यांचा बाप कोण? अप्पांनी अक्कलकोटपर्यंतचे भाऊबंद पालथे घातले, समाध्यांवरची नावं वाचली. हट्टाचं कारण पेठेला माहीत होतं. त्यांना एकुलती एक लेक, गिरिजा. घर आपल्यापाशी संपणार, तर निदान सुरू कुठून झालं ते कळावं.

बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर, सुगीत, हेळवी आला. बैलावरून फिरून घराण्यांच्या पिढ्या वाचून दाखवणारा हा माणूस अप्पांचे वडील गेल्यापासून फिरकला नव्हता. अप्पांनी त्याला गादीवर बसवलं. तो तालात वाचत मल्लप्पांपाशी आला.

"हे घरजावई. घरात पोरगा न्हवता, लेकीलाच ठेवून घेतलं. घर तिचं."

"तिचं नाव?"

"इल्ल, नाव न्हाय. लेकींची नावं आमी लिवत न्हाय."

अप्पा गादीवर सरसावून बसले. मग म्हणाले, "आमी समदे एका लेकीच्या जिवावर की! मग आमच्या गिरिजाचं लिवा."

"रीत न्हाय, अप्पा."

दुसऱ्या दिवसापासून अप्पा गिऱ्हाइकांना पणजीचं नाव विचारू लागले. आता तर झाडून सगळे नापास. मला हा माणूस तेव्हापासून फार आवडू लागला.

पुढे अप्पा गेले. गिरिजा गादीवर बसू लागली. हेळवी पुन्हा आला आणि अप्पांच्या नावाशी थांबला.

"पुढं वाचा की," गिरिजा म्हणाली.

"पुढं काय न्हाय, बाई."

तिने माझ्याकडे पाहिलं. "काका, तुमी सांगा की."

"घर तिचं हाय," मी म्हणालो. तुम्ही असता तर तुम्हीही तेच म्हणाला असता.

हेळव्याने वहीत अप्पांच्या नावापुढच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, आणि टाक काढला.

"माझं मागनं," गिरिजा म्हणाली. "आदी मल्लप्पांच्या शेजारी एक रेघ मारून ठेवा. तिचं नाव सापडलं की भरू."

आणि रेघ सरळ यावी म्हणून तिने अप्पांची कापड मोजायची पट्टी त्याच्यापुढे सरकवली.