देवरावांचा गुप्त डाव

भद्रावतीच्या आयुध निर्माणीत देवरावांची उभी हयात गेली, पण तिथं ते नेमकं काय करायचे, हे बायनाबाईला, म्हणजे लग्नाच्या बायकोला, कधी कळलं नाही. आतलं आतच ठेवायचं, अशी शिस्त. निवृत्त झाल्यावरही ती सुटली नाही. वांगी कोणत्या ठेल्यावरून आणली, हे सांगतानाही माणूस आधी इकडंतिकडं बघायचा. आता बोला! शेजाऱ्यानं जरा मोकळेपणानं जयभीम केला, तरी हे घरात येऊन पुटपुटणार, "याले काय पाहिजे असन?"

भरवशाचा माणूस एकच, गुलाम रसूल शिंपी. रोज दुपारी त्याच्या दुकानात दोघांचा बुद्धिबळाचा पट मांडलेला. देवरावांनी स्वतःच्या डोक्यानं एक सुरुवात शोधली होती. राजापुढचं प्यादं दोन घरं, मग घोडा, मग उंट तिरपा बाहेर. पुढं तोच घोडा उडी मारतो आणि उंटासोबत समोरच्या अशा प्याद्यावर पडतो, ज्याला राजाशिवाय कोणी वाली नसतो. ही युक्ती त्यांनी एकट्या गुलामला दाखवली होती.

एका दुपारी गुलामची सून निशात सहज खेळायला बसली. देवरावांचा उंट निघताच तिनंही आपला उंट काढला. यांनी घोडा उडवला, तर तिच्या वजिरानं तो अलगद उचलला.

"घोडा फुकट गेला, काका. कॉलेजात शिकवलं होतं आमाले."

कॉलेजात म्हणे! देवरावांचं डोकं फिरलं. ते गुलामकडं वळले. "विकलं तू मले. तुयाशिवाय कोणाले माहीत होतं?"

गुलामनं मान खाली घालून सुईत दोरा ओवला. चोराच्या मनात चांदणं, असं म्हणत देवराव निघून गेले.

दुपार खायला उठायची. गुलामशिवाय करमत नव्हतं आणि जायची सोय नव्हती. समोरच्या पानठेल्याआड उभं राहून ते दुकानात कोण येतं-जातं ते बघायचे. आपला डाव आता कोणाकोणाला कळला असेल, या विचारानं जेवण जाईना.

पुढं पोंभुर्ण्याला एका लग्नात लालसू नावाच्या अनोळखी पाहुण्यानं पट मांडला. प्यादं, घोडा, उंट. अगदी तसंच!

देवरावांनी त्याचा हात धरला. "भद्रावतीहून कोण आलतं तुयाकडं?"

"कोण कायले येते, भाऊ?" लालसू हसला. "शिकणाऱ्याचा पयला धडाच हा. या सुरुवातीले इटालियन म्हणतेत. साऱ्या जगाले येते."

देवरावांना जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. दुसऱ्या दिवशी ते गुलामसमोर जाऊन बसले.

"तुले आधीपासून माहीत होतं?"

"हो."

"मंग सांगितलं काऊन नाई? मी तुले चोर म्हणलं, तवाबी नाई."

गुलामनं शिवण थांबवली. "नोकरी सुटली तवापासून तुयापाशी लपवाले तेवढंच उरलं होतं, देवराव. तेबी काढून घेऊ काय?"

देवराव चहा सांगतो म्हणून उठले, आणि तोंड फिरवून बराच वेळ दाराशीच उभे राहिले.