चवड्याकडून विणलेले मोजे
माझ्या डाव्या पायाला बोटं नाहीत. रांगत्या वयात मेंढरांच्या तळावर चुलीच्या निखाऱ्यांत पाय गेला, तेव्हापासून पुढे नुसता आखडलेला गोळा. निमगाव सावाला आमच्या घरी त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. सातवीच्या फायनलसाठी, म्हणजे तेव्हा जी पास झालं की मास्तरकी मिळायची त्या परीक्षेसाठी, जुन्नरला आत्याकडे राहायला आले, तेव्हा मला कळलं की हा पाय झाकून ठेवायचा असतो.

"पातळ खाली सोड," आत्या सारखी म्हणायची. "उद्या पावणं येतील बघाया. त्यांच्या नजरंला पडाया नको."

थंडीत त्या पायाची कातडी फुटायची आणि चपलेचा पट्टा घासून रक्त यायचं. विकतचे मोजे घालून बघितले, तर त्यांचं पुढचं रिकामं टोक दुमडून आणखीच टोचायचं. आत्याच्या शेजारी एका मुसलमान कापडवाल्याचं घर होतं. त्याच्या बायकोला सगळी आळी खाला म्हणे. त्यांच्या हातात कायम विणकाम असायचं. एक दिवस मी सरळ जाऊन म्हटलं, "खाला, मला मोजे विणायला शिकवा."

त्यांनी माझा पाय मांडीवर घेऊन चाचपला. आईनंतर त्या पायाला हात लावणारं ते पहिलंच माणूस.

"सगळे वरून सुरू करतात आन् बोटांशी संपवतात," त्या म्हणाल्या. "तुझा आपण चवड्याकडून सुरू करू. थोडा विणायचा, घालून बघायचा, पाय सांगेल तसं पुढं जायचं."

सायकलच्या जुन्या तारा घासून सुया केल्या आणि भावाचा विटका तांबडा स्वेटर उसवून लोकर काढली. दोन सुया जोडून धरायच्या, त्यांच्याभोवती आठाच्या आकड्यासारखी लोकर गुंडाळायची, त्या वेढ्यांतून टाके विणायचे आणि दोन्ही कडांना वाढवत न्यायचे. उजव्या पायाचं टोक निमुळतं निघालं. डाव्याची सुरुवातच रुंद करावी लागली, त्यातही एका अंगाला जास्त टाके. टाच वळवताना मी रडकुंडीला आले. पण घोट्यापाशी पोचले तेव्हा मोजा पायाला असा बसला होता, की मी चप्पल घालून अंगणात उगीचच फेऱ्या मारल्या.

"आता वर साधी उलट-सुलट पट्टी घाल," खाला म्हणाल्या. "पातळाखाली कुणाला दिसतंय?"

"दिसायलाच पाहिजे," मी म्हटलं. "वेण्या घालायच्या मला."

मग त्यांनी पीळ शिकवला. तीन टाके वेगळ्या सुईवर पुढे धरायचे, मागचे तीन आधी विणायचे, मग धरलेले. दर चार-सहा फेऱ्यांनी असं केलं की लोकरीत जाड वेणी उमटते.

एका दुपारी शाळेतून आले तर डावा मोजा उसवून त्याचा गुंडा कोनाड्यात ठेवलेला.

"वेण्या घालून पायाकडं बोट दाखवतीयास व्हय लोकांना?" आत्या म्हणाली. "बास झालं ते."

मी गुंडा उचलला, तिच्यासमोर ओट्यावर बसले आणि पुन्हा पहिला वेढा घातला. या वेळी वेण्या पार पोटरीपर्यंत नेल्या. उजव्या मोज्यालाही तेवढ्याच वाढवल्या.

शिनोलीचे पाहुणे आले त्या दिवशी वडील गावाहून आले होते. मी पातळ वीतभर वर खोचलं आणि मोजे घालून बाहेर आले. मुलाच्या आईची नजर आधी तिथंच गेली.

"पायात काय घातलंय पोरी? काढ बघू."

"थंडी बाधती तिला," आत्या घाईनं म्हणाली.

"थंडी नाय बाधत," मी म्हटलं. "ह्या पायाला बोटं न्हाईत. लहानपणी भाजलाय. बघा." डावा मोजा काढला आणि पाय पाटावर ठेवला.

मग ती बाई म्हणाली, "हे आधी सांगायचं व्हतं."

"आता सांगितलं की."

वडील म्हणाले, "पोरगी माझी हाय, आन् पाय तिचा हाय. तुमी चहा घ्या."

चहा तसाच ठेवून पाहुणे उठले. आत्या आत जाऊन रडली. मी मोजा चढवला, वेण्या नीट सरळ केल्या. मान खाली गेली नाही.

"आता काय करायचं म्हणतीस?" वडिलांनी विचारलं.

"फायनल द्यायची आन् मास्तरीण व्हायचं."

"मग अभ्यास कर," म्हणाले, आणि पिशवी घेऊन निघाले.

पास झाले. आंबेगाव तालुक्यात शाळा मिळाली. पुढे लग्नही झालं, पाय बघूनच झालं. आत्या मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिली, "तुझ्या हट्टापायी शिनोलीचं लई चांगलं ठिकाण गेलं."

मी दर वेळी तेच म्हणायचे, "गेलं ते बरं झालं, आत्या."